शिकारीची नीती आणि मोहाखालची माणसे

पूर्व विदर्भात मोहाचा हंगाम सुरू झाला की अस्वलाच्या हल्ल्यांच्या बातम्याही सुरू होतात. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतील माणसे मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहाखाली फुले वेचण्यास जातात. त्याच फुलांच्या वासाने अस्वलही तेथे आलेले असते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो आणि पुन्हा तीच गाठ पडते. कोणाचा डोळा जातो, कोणाचा जबडा फाटतो, कोणी जिवानिशी जातो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी छापून येतात आणि प्रकरण तेथेच संपते.

अशा घटनांनंतर गावातून उठणारी मागणी साधी असते: जनावराचा बंदोबस्त करा, जखमीचा इलाज करा. परंतु या मागणीच्या आडून दुसराही एक विचार अधूनमधून मांडला जातो, आणि तो मांडणारे बहुधा त्या गावांत राहत नाहीत. शिकारबंदी उठवावी, हौशी शिकाऱ्यांना परवाने द्यावेत, त्यांच्याकडून भरपूर शुल्क घ्यावे, त्या पैशातून जंगल राखावे. म्हणजे उपद्रवही कमी होईल आणि तिजोरीतही भर पडेल, असा हा विचार आहे. शिकार हा सभ्य माणसाचा नियमबद्ध खेळ आहे, त्याची स्वतःची अशी एक नीती आहे, हे त्याचे नैतिक समर्थन. या विचाराला उपहासाने उडवून लावणे सोपे आहे. तथापि त्याचे नैतिक आणि आर्थिक असे दोन्ही पाय तपासून पाहणे अधिक योग्य ठरेल.

शिकारीच्या नीतीला काही अर्थच नव्हता, असे म्हणता येणार नाही. मादीला व पिलांना मारू नये, पाणवठ्यावर दबा धरून बसू नये, जखमी जनावर रानात तडफडत सोडून येऊ नये, त्याचा माग काढून त्याला वेदनामुक्त करावे, हे संकेत जुन्या शिकाऱ्यांत होते, आणि त्यांतील प्रामाणिक लोक ते पाळतही असत. वन्यजीवांविषयीची आपल्याकडील बरीचशी प्रारंभीची माहिती अशा लोकांच्या निरीक्षणांतून गोळा झाली. मुंबईत १८८३ साली आठ जणांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. या संस्थेच्या नियतकालिकात शास्त्रीय लेखांच्या शेजारी शिकारीची वर्णनेही छापली जात. पुढे पक्षिशास्त्रज्ञ म्हणून जगन्मान्य झालेल्या सलीम अलींचा या संस्थेशी संबंध आला, तोही लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीमुळे. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु नियम कोणी केले आणि ते कोणावर चालले, हे पाहिले की चित्र पालटते. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांत राहणारा माणूस आपल्याच रानात उपरा ठरला. साहेब अधिकारी परवाना घेऊन ठराविक मुदतीसाठी जंगलाचा एक तुकडा, म्हणजे ‘शूटिंग ब्लॉक’, आपल्या नावे करून घेई. वनखात्याचा बंगला, सामान वाहणारी माणसे आणि माग काढणारा आदिवासी हे सारे त्याच्या दिमतीस असे. मचाणावर बंदूकधारी, खाली ढोल-डबे वाजवीत झाडोरा तुडवणारे हाकारे, अशी ही रचना होती. बिथरलेले अस्वल प्रथम ज्याच्या अंगावर यावयाचे, तो हातात काठी घेतलेला हाकारा होता. बाराचे श्रेय आणि कातडे मात्र मचाणावर जाई. त्याच काळात सरकार वाघ, बिबटे, लांडगे व अस्वले मारल्याबद्दल रोख बक्षिसेही देत असे. एकाच प्राण्याला एका फाइलीत सन्माननीय सावज आणि दुसऱ्या फाइलीत उपद्रवी श्वापद मानणाऱ्या या व्यवस्थेची नीती किती खोलवर रुजलेली होती, याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही आरंभी शिकार संपूर्णपणे बंद झालेली नव्हती. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि वन्य प्राणी पकडणे अशा चार प्रकारच्या परवान्यांची त्यात तरतूद होती. त्या कायद्याचे मूळ सतरावे कलम आजही वाचण्यासारखे आहे, कारण शिकारीची सगळी नीती तेथे कायद्याच्या भाषेत उतरली होती. वाहनातून शिकार करू नये, सूर्यास्तानंतर करू नये, दिव्याच्या झोताने जनावर दिपवू नये, पाणवठ्यावर वा खारवट चाटणीवर गाठू नये, रान पेटवून हुसकावू नये, विष वा स्फोटके वापरू नयेत. हे सारे समंजसपणाचेच होते. मात्र त्याच कलमात जाळे, फास व खड्डा यांनाही मनाई होती, कुत्र्यांच्या साहाय्याने मोठे जनावर मारण्यास मनाई होती, आणि मोठी शिकार रायफलनेच किंवा एकच गोळी भरलेल्या बंदुकीनेच करता येईल, असा दंडक होता.

या दंडकांना प्राणिदयेच्या दृष्टीने आधार होता, हे खरे. फासात अडकलेले जनावर दिवसभर तडफडते, आणि फास नर-मादी ओळखत नाही. परंतु त्यांचा सामाजिक परिणामही नजरेआड करता येत नाही. फास, जाळे, खड्डा आणि कुत्रा ही गरिबाची साधने. रायफल, तिचा परवाना, काडतुसे आणि जंगलात मुक्काम करण्याची ऐपत ही श्रीमंताची. कायद्याने कृत्य तेच ठेवले आणि साधनावरून कर्त्याची प्रतवारी लावली. पहिला ‘चोरटा शिकारी’ ठरला, दुसरा ‘खिलाडू’. फासे पारध्यांच्या नावातच त्यांचे हत्यार आहे. पारधी जमातीवर १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या परंपरेने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली ते कायदे रद्द झाले, तरी पोलिसाच्या नजरेतून तो शिक्का पुसला गेला नाही. पोटासाठी तितर धरणारा तुरुंगात आणि दिवाणखान्यासाठी अस्वल मारणारा प्रतिष्ठित, अशी वाटणी ज्या नियमांतून झाली त्यांना नीती म्हणण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे.

खेळातील ‘न्याय्य संधी’च्या कल्पनेचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अस्वलाचाच आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीस गेले होते. त्यांच्या वाटाड्याने कुत्र्यांच्या मदतीने एक अस्वल गाठले आणि अध्यक्षांसाठी झाडाला बांधून ठेवले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे खिलाडूपणाचे नाही म्हणून रूझवेल्टांनी नकार दिला. त्यावर व्यंगचित्र निघाले आणि त्यातून ‘टेडी बेअर’ हे खेळणे जगभर गेले. गोष्टीचा उरलेला भाग सहसा सांगितला जात नाही. ते अस्वल सुटले नाही. जखमी झालेले असल्याने अध्यक्षांच्याच सांगण्यावरून ते सुऱ्याने मारण्यात आले. आणि जिवावर उदार होऊन ते पकडणारा वाटाड्या होल्ट कॉलियर हा गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णीय होता. शिकाऱ्याच्या मनाची शुद्धता शाबूत राहिली. अस्वलाच्या मरणात आणि वाटाड्याच्या जोखमीत तिने काडीचाही फरक पडला नाही. खेळ म्हणावयाचा तर दोन्ही बाजूंची संमती हवी. येथे एका बाजूने खेळण्याचे कबूल केलेलेच नसते.

आता आर्थिक बाजू. परकीय चलनाचा युक्तिवाद भारताला नवा नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत परदेशी पाहुण्यांना शिकार घडवून आणणाऱ्या कंपन्या मध्य भारतातील जंगलांत काम करीत होत्या, आणि डॉलर मिळतात म्हणून सरकारही त्यांकडे कौतुकाने पाहत होते. त्या डॉलरांनी जंगल राखले गेले काय? १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी घालावी लागली आणि १९७२ च्या गणनेत देशभरात १८२७ वाघ भरले. शिकारीचे उत्पन्न कंपनीच्या खात्यात गेले. प्राण्यांचा ऱ्हास समाजाच्या माथी आला. नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक, हे अर्थशास्त्राचे जुनेच दुखणे आहे. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती सारी पद्धत कायद्यातून काढून टाकण्यात आली, ती या अनुभवानंतर.

याच्या विरोधात पाकिस्तानातील मारखोराचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. तेथील उत्तरेकडच्या पर्वतांत या रानबकऱ्याच्या मोजक्याच शिकारीचे परवाने लिलावाने दिले जातात आणि शुल्काचा ८० टक्के वाटा स्थानिक लोकसमूहांना मिळतो. त्यामुळे चोरट्या शिकारीला आळा बसला, हे मान्य केले तरी त्या यशाच्या अटी पाहिल्या पाहिजेत. उघड्या डोंगरावर दुर्बिणीतून शिंगांच्या आकारावरून म्हातारा नर निवडता येतो. आपले अस्वल दाट झुडपांत, बहुधा रात्री वा अंधुक उजेडात वावरते. नर आणि मादी लांबून सारखीच दिसतात. मादी एका वेळी सहसा एक-दोनच पिले देते, ती पाठीवर घेऊन हिंडते आणि दोनेक वर्षे सांभाळते. म्हणजे एक चुकीची गोळी पिलांसह सारे कुटुंब संपवते आणि ती तूट भरून येण्यास वर्षे लागतात. आंतरराष्ट्रीय यादीत हा प्राणी असुरक्षित गटात मोडतो. जेथे प्राण्यांची खात्रीलायक मोजदाद नाही, तेथे शिकारीचा कोटा ठरवणे म्हणजे हिशेबाची वही नसताना लाभांश वाटणे होय.

उपद्रव कमी होईल, हा दावाही टिकत नाही. पैसे मोजून येणाऱ्या शिकाऱ्याला हवे असते सर्वांत मोठे कातडे. गावकऱ्याला भय असते ते मोहाखाली येणाऱ्या अस्वलाचे. ही दोन अस्वले एकच असण्याचे काही कारण नाही. बंदुकीच्या धाकाने जनावर माणसाला भिऊन राहील, असेही सांगितले जाते. परंतु अस्वल माणसावर येते ते मुळात भयापोटीच. त्याचे नाक तीक्ष्ण, नजर मात्र अधू. वाळवीचे वारूळ उकरण्यात वा फुले खाण्यात ते गुंग झालेले असते. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि कळते तेव्हा वाघ-बिबट्यांच्या सहवासात अंगवळणी पडलेल्या रीतीने ते पळण्याऐवजी चाल करते. अशा प्राण्याचे भय वाढवल्याने हल्ले थांबतील, हा तर्क उलट्या दिशेचा आहे.

तरीही सावध राहण्याचे कारण आहे. परवान्याच्या पुढच्या दाराने बंद झालेली हौस ‘बंदोबस्ता’च्या मागच्या दाराने परत येऊ शकते. २०१६ च्या जूनमध्ये बिहारमधील मोकामा भागात नीलगायींना उपद्रवी ठरवून बाहेरून बोलावलेल्या बंदूकधाऱ्यांकडून दोनशेहून अधिक जनावरे मारण्यात आली. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, तीही हैदराबादहून आलेल्या खासगी बंदूकधाऱ्याच्या गोळीने. त्या गावांतील माणसांचे भय खरे होते आणि कारवाईची निकडही खरी होती. सर्वोच्च न्यायालयानेही वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्याचे नाकारले होते. परंतु नंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने कार्यपद्धतीतील गंभीर त्रुटी दाखवून दिल्या. कायद्याचे अकरावे कलम स्पष्ट आहे: माणसाच्या जिवाला धोका असलेले जनावर पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षकाने कारणे लेखी नोंदवून मारण्याची परवानगी द्यावयाची. ती परवानगी म्हणजे एक दुःखद सार्वजनिक कर्तव्य आहे. ज्याला ते काम करण्यात आनंद आहे, त्याच्या हाती ते सोपवणे राज्याला शोभत नाही.

मुंबईतील, विशेषतः मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हा सारा प्रश्न दूरच्या रानातला वाटेल. तो तसा नाही. महानगराचा कचरा १९२७ पासून देवनारला जाऊन पडतो आणि त्याचा धूर मानखुर्दच्या माणसाच्या छातीत जातो. उपभोग एकाचा आणि बोजा दुसऱ्यावर, हा न्याय तेथे रोज अनुभवास येतो. वन्यजीव रक्षणातही तोच धोका आहे. मानखुर्दच्या पलीकडे पसरलेल्या ठाणे खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली त्या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. पक्ष्यांना संरक्षण मिळाले हे उत्तमच झाले. पण त्याच खाडीत जाळे टाकून पोट भरणाऱ्या कोळ्याचा विचार त्याबरोबर होतो की नाही, हा प्रश्न मोहाखालच्या माणसाच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. रोहितांचे थवे पाहून सुखावणाऱ्या शहराने आणि ताडोब्याची सहल करून येणाऱ्या पर्यटकाने त्या सुखाची किंमत कोण देतो, हे विचारलेच पाहिजे.

येथे शिकारबंदीच्या समर्थकांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. बंदी न्याय्य आहे. पण बंदी करून राज्य मोकळे होत नाही. जनावर मारण्याचा अधिकार ज्या राज्याने सर्वांकडून काढून घेतला, त्याने जनावरापासून माणसाला वाचवण्याची जबाबदारीही सर्वस्वी आपल्या शिरावर घेतली आहे. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू आल्यास कुटुंबाला मिळणारे साहाय्य महाराष्ट्र सरकारने २०२३ साली २५ लाख रुपयांपर्यंत वाढवले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र अस्वल बहुधा मारीत नाही, विद्रूप करते. त्याचा घाव डोके, डोळे, चेहरा यांवर पडतो. अशा माणसाला पंचनामा आणि पट्टी यांपेक्षा अधिक काही हवे असते: चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने उपचार, आणि त्या काळात घरची चूल पेटती ठेवण्याची व्यवस्था.

आणि माणूस पहाटे अंधारात मोहाखाली का जातो? तो बेफिकीर असतो म्हणून नव्हे. फुले रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात. उशीर केला तर गुरे, हरणे वा दुसरा वेचणारा ती नेतो. त्या काही आठवड्यांच्या फुलांवर घरचे मीठ-मिरची आणि पावसाळ्याची बेगमी अवलंबून असते, आणि भाव ठरतो व्यापाऱ्याच्या काट्यावर. फुलाला भाव कमी, म्हणून अधिक वेचावे लागते. अधिक वेचावयाचे म्हणून अंधारात निघावे लागते. अस्वलाच्या हल्ल्याचे एक मूळ असे बाजारभावात आहे. बंदुकीने ते उपटले जाणार नाही.

यास्तव आग्रह धरावयाचा तो पुढील गोष्टींचा. हौशी शिकारीचे परवाने कोणत्याही नावाने व कोणत्याही शुल्काने परत आणले जाऊ नयेत. धोकादायक जनावराविषयीची कारवाई वनखात्याच्या प्रशिक्षित पथकाने, पशुवैद्यकाच्या उपस्थितीत करावी आणि तिचा संपूर्ण अहवाल संबंधित ग्रामसभेत वाचून दाखवावा. जखमींच्या शस्त्रक्रियेची सोय जिल्हा रुग्णालयात व्हावी आणि उपचारांच्या काळात त्यांना रोजीइतके साहाय्य मिळावे. मोहफुलाला हमी भाव व आगाऊ रक्कम द्यावी, झाडाखाली जाळी बांधून फुले गोळा करण्याच्या पद्धतीला अनुदान द्यावे, म्हणजे उजाडल्यावर जाऊनही पीक हातचे जाणार नाही. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक हक्क दावे रेंगाळत न ठेवता मंजूर करावेत. २००९ साली गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने हा हक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू स्वतः विकून दाखवला. जंगलाचा कारभार ज्या ग्रामसभेच्या हाती आहे, तिला अस्वलाच्या गुहा कोठे आहेत, मोहाची कोणती झाडे टाळावीत आणि केव्हा गटाने जावे, हे ठरवण्यास राजधानीतील तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

विदर्भातील कार्यकर्त्यांनी पुढच्या फेब्रुवारीत, मोहाला फूल येण्यापूर्वीच, या मागण्या तहसील कचेरीवर आणि वनपरिक्षेत्र कार्यालयावर न्याव्यात. बातमी छापून आल्यानंतर काढलेल्या मोर्चाने गेलेला डोळा परत येत नाही.